कोठीतलं ऊन

मे महिना लागला की लोकांना आंबे आठवतात. मला एक पत्र्याची कोठी आठवते. गोल, उंच, पांढुरकी, उन्हात डोळ्यांवर येणारी. मी आता यवतमाळला एका महाविद्यालयात गणित शिकवते. परीक्षा उरकलेल्या असतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडलेले असतात, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झालेला असतो, आणि कुणाच्या तरी चुकलेल्या गणितावर लाल रेघ मारता मारता माझं मन उठून बाभुळगावच्या पुढे, आमच्या गावात, समाजमंदिराच्या मागच्या उघड्या जागेत जाऊन उभं राहतं. कोठी तिथेच आहे. अजून वापरात आहे.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. सकाळी आठलाच ऊन दाराशी येऊन बसतं. अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसला तर त्याच्या घरी काहीतरी घडलं असणार असं लोक धरून चालतात. नांगरलेल्या वावरातली काळी ढेकळं तापून तडकतात, कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकवून पडतात, आणि घराघरांत, खिडक्यांना पडदे ओढून अंधार केलेल्या खोल्यांत, पापडाचं पीठ कुटलं जात असतं. मला हा उन्हाळा आवडतो. असं म्हटलं की पुण्याकडच्या मैत्रिणी माझ्याकडे जरा काळजीनं बघतात.

त्या वर्षी मी पीएच.डी.च्या शेवटाला आले होते. वसतिगृहाचं पाणी आटलं, तशी लॅपटॉप आणि कागद घेऊन घरी आले. दंडगोलातली समीकरणं लवकर कशी सोडवायची, हा माझा विषय. दंडगोल म्हणजे काही परकी वस्तू नाही. पिंप, डबा, विहीर, कोठी, सगळे दंडगोलच. त्यांच्या आत उष्णता कशी पसरते हे सांगणारं समीकरण फार जुनं आहे, पण ते हातानं सुटतं ते पुस्तकातल्या गुणी दंडगोलात. एका अंगाला ऊन, वर तापलेलं झाकण, खाली गार सिमेंट, असा खराखुरा दंडगोल समोर आला की संगणकाला बसवावं लागतं. तो आतल्या जागेचे बारीक बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला, शेजाऱ्याकडून तुला किती उष्णता मिळाली, असं क्षणाक्षणाला विचारत सुटतो. ते विचारणं लवकर कसं संपवायचं, एवढंच माझं काम. गावात कुणी विचारलं तर मी नुसतं 'गणित' म्हणायचे. "थे तं बारावीतच झालं ना तुहं?" असं आमच्या पोस्टमननं मला खऱ्या आपुलकीनं विचारलं होतं.

कमलकाकू मात्र असलं काही विचारत नसे. ती माझ्या धाकट्या काकांची बायको. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळे मी किती वाजता उठले आणि किती पोळ्या खाल्ल्या हे तिला पाठ असायचं. कोठी ही तिचीच कल्पना. आदल्या पेरणीला बाजारातून आणलेलं सोयाबीनचं बी कित्येकांच्या वावरात उगवलंच नव्हतं. तेव्हा काकू घरोघर फिरली. आपल्याच वावरातलं चांगलं बी निवडायचं, सगळ्यांचं मिळून एका कोठीत ठेवायचं आणि पुढच्या पेरणीला, मिरगात, वाटून घ्यायचं, असं तिनं बायकांच्या गटाला पटवलं. पटवणं सोपं नव्हतं. सोयाबीनचं बी फार नाजूक. साल इतकी पातळ की पोतं आदळलं तरी आतला कोंब दुखावतो, आणि उष्णतेनं तर तो कुणाला न कळता मरतो. वरून दाणा तसाच टपोरा, पिवळा दिसतो. असलं बी दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायला कुणीही मागंपुढं पाहील.

सगळ्यात जास्त मागंपुढं पाहिलं ते जमनाबाईनं. ती गावाला लागून असलेल्या तांड्यातली. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरलेले. बी आपल्या नजरेसमोर असावं, दुसऱ्याच्या कुलपात नाही, असं तिचं म्हणणं. काकूशी ती त्यावरून आठवडाभर भांडली. आणि हिवाळ्यात कोठी भरायचा दिवस आला तेव्हा सगळ्यात पहिलं पोतं तिनंच रिकामं केलं. काकूच्या शब्दावर, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती.

मे महिन्यातली ती दुपार मला अजून दिसते. जमनाबाई काकूच्या ओसरीवर आली, उजवा तळवा पदरात धरून.

"कमलबाई, कोठीले हात लावून पाह्यला मी," ती म्हणाली. "लावल्या जात नाई. आतमंदी आपलं बी भाजून राह्यलं."

काकू चप्पल न घालताच निघाली, मीही मागे धावले. कोठीवरचं टिनाचं छप्पर काही दिवसांपूर्वीच्या वादळात उडून गेलं होतं. घरांची कौलं, गोठ्यांचे पत्रे सावरण्याच्या धांदलीत कोठीकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन सरळ तिच्या अंगावर येत होतं. थोड्या वेळात गटातल्या बायका जमल्या आणि दोन तट पडले. एक म्हणे, आत्ताच्या आत्ता उपसा आणि आपापलं घरी न्या. दुसरा म्हणे, उपसाउपशीत निम्मं बी फुटेल, आणि घरी तरी टिनाखाली कुठला गारवा? काकू दोन्हीकडचं ऐकत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"पोरी, तू उष्णतेचंच शिकून राह्यली ना? मंग सांग. आतमंदी काय चाललं?"

"काकू, असं लगेच नाही सांगता येणार."

"मंग कधी सांगशीन? पेरणी झाल्यावर?"

सावली करायची हे कुणी सांगायला नको होतं. त्याच दिवशी घरोघरच्या तुरीच्या वाळक्या तुराट्या आल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आल्या, माणसांनी लाकडाच्या बल्ल्या रोवल्या, आणि दिवस मावळायच्या आत कोठीभोवती तुराट्यांचा कूड आणि डोक्यावर जाड छप्पर उभं राहिलं. आता तिच्यावर ऊन पडणार नव्हतं. प्रश्न आत शिरून बसलेल्या उन्हाचा होता. धान्यातून उष्णता फार सावकाश चालते. आज पत्र्याजवळ असलेली ऊब मध्यापर्यंत जायला आठवडे घेते. वरच्या झाकणातून हात घालून काढलेलं बी वरचंच सांगणार, तेही आजचंच. मिरगापर्यंत मध्यात काय होईल, ते हात घालून कळणार नव्हतं. आणि उत्तर मेअखेरीला रोहिणी लागायच्या आत हवं होतं, कारण बी मेलं असेल तर दुसरं शोधायला तेवढाच काळ उरत होता. नाहीतर ज्या घरांनी काकूचं ऐकलं त्या घरांची वावरं ऐन पावसात मोकळी राहिली असती, आणि काकूला त्या घरांसमोरून रोज जावं लागलं असतं.

मी कामाला लागले. लॅपटॉप कूलरसमोर स्टुलावर ठेवला. लाइट गेली की कूलर आणि मी दोघंही बंद. पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं की हे काही खरं नाही. गोलाचे तुकडे पाडायची नेहमीची रीत म्हणजे मध्यापासून निघणाऱ्या रेघा आणि मध्याभोवतीची वर्तुळं. काठाला तुकडे ऐसपैस असतात, पण मध्याकडे रेघा इतक्या जवळ येतात की तुकड्यांची खसखस होते. लहान तुकड्यातून उष्णता चटकन आरपार जाते, म्हणून संगणकाला काळाची पावलंही तितकीच बारीक टाकावी लागतात. मधल्या मूठभर तुकड्यांपायी सगळी कोठी मुंगीच्या चालीनं चालली होती. मी अंदाज काढला. मिरगाचं उत्तर मला श्रावणात मिळणार होतं.

त्यात आणखी एक अडचण. बरोब्बर मध्यावर समीकरणात शून्यानं भागायची वेळ येते. ते टाळायला मी मध्ये एक बारीकशी जागा सोडून दिली आणि तिथलं तापमान, कोठी भरली त्या हिवाळ्याच्या दिवसाचं, तेच कायम धरलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लहानपणी आजोबांच्या खळ्यावर बैलांमागे फिरलेली पोर. खळ्याच्या मधोमध बैल बांधायची मेढ रोवलेली असते. बैल फिरतात, मेढ जागची हलत नाही. जात्याच्या मध्ये खुंटा असतो. गोल म्हटलं की आम्हाला मध्ये काहीतरी रोवलेलं दिसतंच. मी कोठीतही मेढ रोवून ठेवली, आणि तीही थंडगार.

श्रावणापर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून मोठाले तुकडे पाडून एक ओबडधोबड उत्तर काढलं. पडद्यावर चित्र फार देखणं आलं. काठ लाल, मध्य निळा. मी ते घेऊन काकूच्या स्वयंपाकघरात गेले.

"मधलं बी थंड आहे, काकू. थंडच राहील."

"किती दिवस?"

"कायमच."

काकूनं कणकेत बुडालेले हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "कायमचं थंड? माठ ठेवला काय वं आतमंदी?"

मी हसले, आणि परत खोलीत येईपर्यंत माझं हसू गेलेलं होतं. चित्र पुन्हा पाहिलं. बाहेर किती दिवस गेले, काठाचा रंग किती बदलला, तरी मध्याचा निळा ठिपका तसाच. सगळ्या कोठीची उष्णता तो एकटा पिऊन टाकत होता. माझीच मेढ होती ती. मी नागपूरला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सरांनी नीट ऐकून घेतलं. ते कधी रागावत नसत.

"मध्यबिंदूला तू भिंत समजून बसली आहेस," ते म्हणाले. "तिथेही दाणेच आहेत ना? मग वाट आरपार जाऊ दे. काठापासून मध्यापर्यंत मोजू नकोस. काठापासून काठापर्यंत मोज."

मी "हो सर, हो सर" म्हणाले. सरांना हो म्हणताना जेवढं कळलेलं असतं तेवढंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूकडे पापड होते. अंधारलेल्या खोलीत गोणपाट अंथरून बायका बसल्या होत्या, जमनाबाईसुद्धा. पिठाचा, हिंगाचा, तेलाचा वास. एरवी या बैठकीला गावभरच्या गोष्टी निघतात. त्या दिवशी कुणी फारसं बोलत नव्हतं आणि कोठीचा विषय तर कुणीच काढत नव्हतं. मला लाटायला बसवत नाहीत, माझे पापड जिल्ह्याच्या नकाशासारखे होतात. लाट्यांना तेल लावायचं काम माझं. माझी नजर काकूच्या लाटण्यावर होती. ते या काठावरून निघायचं आणि सरळ त्या काठावर जायचं. पापड किंचित फिरायचा. पुन्हा या काठावरून त्या काठावर. मध्यावर लाटणं ना थांबत होतं ना अडखळत होतं. पापडाला मध्य होता, पण तो वाटेत लागणारी एक जागा होता, इतकंच. कोठीतल्या मधल्या दाण्याला आपण मधले आहोत हे कुठं ठाऊक असतं? ते आपण बाहेरून ठरवतो, आपल्या सोयीनं. माझा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला.

"काहून थांबली वं? तेल लाव," काकू म्हणाली.

मी पदराला हात पुसून उठले.

"गेली," जमनाबाई म्हणाली, आणि त्या दुपारी बायका पहिल्यांदा हसल्या.

मग काम भराभर झालं. त्रिज्येऐवजी सगळा व्यास घेतला, तशी मध्याची अडचणच उरली नाही. तुकडे आता मध्यात दाटी करत नव्हते. दाटी होती ती काठाला, जिथे ऊन खरोखर काही करत होतं. गोल फिरणारी दिशा लाटांमध्ये मोडून टाकली की ती आपोआप सुटी होते. उरतात दोन, आडवी आणि उभी. त्या दोघींचा गुंता एकदम ओढला की बसतो. आळीपाळीनं सोडवला, एकदा आडवं, एकदा उभं, की थोड्या फेऱ्यांत सुटतो. ही रीत मी दोन वर्षं वाचत होते, तिच्यावर परिसंवादात बोललेही होते. पण ती खरोखर कशासाठी आहे हे मला त्या दुपारी, घामानं चिकटलेल्या खुर्चीत बसून कळलं. श्रावणात येणारं उत्तर लाइट जायच्या आत आलं.

या वेळी चित्र इतकं देखणं नव्हतं. मध्यात निळा ठिपका नव्हता. ऊब मध्यापर्यंत पोचणार होती, मिरगाच्या सुमारास, पण वाटेत इतकी पांगून की जेमतेम कोमट. कूड वेळेवर उभा राहिला होता. मात्र पश्चिमेच्या पत्र्याला लागून हातभर जाडीचा पट्टा भाजून निघाला होता, आणि तो कूड उभा राहायच्या आधीच.

समाजमंदिरात बायका बसल्या. मी उभी राहून सांगितलं, की कोठी आता उघडू नका. मधलं बी वाचेल असं दिसतं, पश्चिमेकडचं गेलं असावं.

"तुले खात्री हाय का, छोरी?" जमनाबाईनं विचारलं.

"गणिताची आहे," मी म्हणाले. "बी किती सोसतं, ते मला माहीत नाही."

मला वाटलं, आपण याहून काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. काकूनं एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग कोठी बंदच राहीन. वाईट झालं तं मी हाय ना."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. प्रबंधात चूक निघाली तर दुरुस्तीचं पान जोडता येतं. इथे चूक निघाली तर माझ्या काकूनं गावात मान खाली घालायची होती. रोज सकाळी मी फिरायला जाते म्हणून सांगायचे आणि कुडात हात घालून पत्र्याला तळवा लावून यायचे. एकदा तिथे काकूच भेटली, तिचाही हात कुडात. आम्ही दोघी घरी आलो आणि तिनं मला चहा दिला.

आता मी फळ्यावर गोल काढते आणि मुलांना विचारते, याचं गणित कसं मांडाल? एक तरी मुलगी मध्यावर ठळक टिंब देते आणि तिथूनच रेघा ओढायला लागते. मी तिला अडवत नाही. तिला अडखळू देते, शून्यानं भागू देते. मुलं आपलीच असतात, कुणी पुसदकडची, कुणी मारेगावकडची. त्यांच्याही आजोबांच्या खळ्यात कधीतरी मेढ होतीच. आपण जिथे वाढलो तिथली वस्तू आपल्या डोक्यात उभी असते आणि आपण तिच्याभोवती फिरत राहतो, याचा मला पूर्वी राग यायचा. हल्ली येत नाही. त्या मुलीच्या वहीवर वाकून मी एवढंच म्हणते, पलीकडे जाऊन बघ.

त्या वर्षी रोहिणी सरत आल्या तेव्हा कोठीची खालची तोटी उघडली. मधलं बी आधी उतरलं. पश्चिमेच्या अंगाला चिकटून राहिलेलं काकूनं सुपानं ओढून वेगळं काढलं. मग आमच्याकडची नेहमीची परीक्षा. ओल्या गोणपाटावर दाणे ओळीनं मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. कोंब किती येतात त्यावरून बी किती जिवंत ते कळतं. दोन गुंडाळ्या केल्या, एक मधल्या बियाची, एक पश्चिमेची. पाणी शिंपडायला रोज दहा-दहा जणी यायच्या, एवढं पाणी की काकू ओरडायची.

गुंडाळ्या उघडायच्या दिवशी काकूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली जमनाबाईनं उघडली. गोणपाट उलगडत गेलं तसे ओळीच्या ओळी पांढरे कोंब, जाडजूड, वळलेले, एखादाच दाणा मुका. कुणीतरी हुंदका दिला आणि तो हसण्यात लपवला. मी खाटेच्या कडेवर टेकले. दुसरी गुंडाळी काकूनं उघडली. दाणे फुगून चिकट झाले होते, वास मारत होता. गणित दोन्हीकडे खरं ठरलं होतं. दुसरीकडे ते खोटं ठरलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

चांगलं बी वाटायला घेतलं. जिनं जेवढं घातलं त्या मानानं प्रत्येकीचं पोतं भरलं जात होतं. काकूची पाळी आली तेव्हा ती पुढे झाली नाही. पश्चिमेच्या बियाचा ढीग तिनं स्वतःकडे ओढला.

"हे माह्या वाट्याचं," ती म्हणाली. "छप्पर उडालं तवा मीच पाह्याले गेली नाई. माहं चांगलं बी तुमच्यात वाटून घ्या."

"आणि वावरात काय पेरशीन?" जमनाबाईनं विचारलं.

"पाहीन काहीतरी."

जमनाबाई उठली. तिनं काकूचं रिकामं पोतं झटकलं, तोंड दुमडून उभं केलं, आणि आपल्या पोत्यातलं बी ओंजळीनं त्यात सोडायला लागली. सोयाबीन आदळत नाहीत, म्हणून हात पोत्यात खोल नेऊन, हळूच. "बी घालताना आपण तुहं-माहं केलं नाई, कमलबाई," ती म्हणाली. "मंग आता कायले करतं?"

तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. कुणी माप घेतलं नाही, कुणी किती घातलं ते कुणी पाहिलं नाही. काकू आधी नको नको म्हणत होती, मग नुसतीच मान हलवत राहिली, मग तीही थांबली. पोतं काठोकाठ भरलं तरी ओंजळी येतच होत्या. सगळ्या गावाला उत्तरं देणाऱ्या माझ्या काकूनं दोन्ही हात पोत्याच्या तोंडावर धरले, आणि फार बारीक आवाजात म्हणाली, "बस करा वं आता. सांडून राह्यलं."